एकानं परतायचं

उद्या पहाटे लपणात बसणार ना सगळे? मग आयुष, तो टॉर्च बंद कर आणि ऐक. माझा एक मित्र आहे, कृष्णकांत. नागपुरात सदरला राहतो, पाखरांचे फोटो काढणं हाच त्याचा धंदा. जे सांगतो ते त्यानंच मला सांगितलं, तेही एकदाच.

यंदाच्या पौष पौर्णिमेची रात्र. शुक्रवार संपून शनिवार लागला होता. सव्वातीनला कृष्णकांत घरून निघाला. काम साधंच होतं. उमरेड रोडकडे एक जुना मालगुजारी तलाव आहे, पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेला. थंडीत तिथे हिमालयापलीकडून हंस येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. मावळत्या चंद्रावरून उडणारे हंस, असा एक फोटो त्याला हवा होता. सहा हिवाळे त्याच्या मागे होता. त्यातले पाच हिवाळे बायको सोबत असायची. चारुशीला.

लपण तुम्ही दुपारी बांधलंच आहे. फांद्या, पोती, भिंगापुरतं भोक. पण त्यात शिरायची एक रीत असते. दोघांनी जायचं, एकानं परतायचं. पाखराला मोजता येत नाही. माणूस आलं आणि माणूस गेलं, एवढंच त्याला दिसतं. मग ते निर्धास्त होतं. हो वं मिनल, गणितात तुझ्यासारखंच.

तर परतायचं काम चारुशीलाचं. निघताना ती मुद्दाम खाकरायची, पाखरांचं लक्ष जावं म्हणून. मग बांधावरून चालत जाऊन गाडीत बसायची. जाताना टोमणा ठरलेला. “या हंसांशीच लग्न करायचं होतं तू. मी तरी घरी झोपून राहिली असती.”

गेल्या हिवाळ्यात ती अशीच परतली. गाडीत तिच्या छातीत दुखायला लागलं. तिनं तीनदा फोन केला. याचा फोन आवाज बंद करून पिशवीत ठेवलेला. आठ वाजता हा लपणातून बाहेर आला, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यानंतर वर्षभर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

या पौर्णिमेला तो एकटाच गेला. तलावाचा राखणदार रामाजी शेकोटीपाशी होता. “येऊ का सायेब तुमच्यासंगं? मंग मी वापस येतो,” त्यानं विचारलं. गुडघा सुजलेला, तरी म्हणाला बिचारा. कृष्णकांत नको म्हणाला.

हंसांनी त्याला येताना पाहिलं. जाताना कुणी दिसलं नाही. माना ताणून सगळे पलीकडच्या काठाला सरकले आणि तिथेच थांबले. तास गेला. चंद्र खाली आला होता. आज काही होत नाही, असं त्याला वाटायला लागलं.

पावणेसहाला मागे गवत वाजलं.

रानडुक्कर असेल.

मग कुणीतरी खाकरलं. अगदी पोत्याला लागून. ओळखीचं...

तो वळला नाही. वळता आलं नाही. पावलं दूर जायला लागली. बांधाकडे. एकाच माणसाची.

लपणातून बांध दिसत नव्हता. समोरचे हंस तेवढे दिसत होते. त्यांच्या माना वळत होत्या. सगळ्यांच्या, एकाच बाजूला, हळूहळू... बांधावरून कुणी चालत जावं आणि त्यांनी बघत राहावं, तशा.

मग माना खाली झाल्या. पाखरं निर्धास्त झाली. पोहत पोहत पुढ्यात आली, बरोबर चंद्राखाली. सहा हिवाळे ज्यासाठी बसला ते आता समोर होतं. बोट बटणावर.

ती गाडीपाशी पोचली असेल...

पुढच्या हंसानं पंख पसरले. आता उडणार.

कृष्णकांत उठला.

अख्खा थवा एकदम उठला. चंद्रावरूनच गेला असेल. त्यानं पाहिलं नाही. तो बांधावरून धावत होता. पडला, उठला, धावला. शेकोटीपाशी रामाजी उभा होता. हातात न पेटवलेली बिडी. कोण गेलं, असं यानं विचारलं. रामाजीनं नुसता गाडीकडे हात केला.

गाडीची चारी दारं बंद होती. किल्ली याच्या खिशात. त्यानं डावं दार उघडलं. सीट रिकामी.

“चारू,” तो म्हणाला. “आलो मी.”

...

मग मोबाइलचा उजेड खाली धरला.

सीटपुढच्या पायपुसण्यावर तलावाचा काळा चिखल. दोन अनवाणी पावलं. बोटं पुढे, टाचा मागे. बसलेल्या माणसाची असतात तशी.

चिखल ओला होता.