दोन किट, एक तार

मेहकरच्या तंत्रनिकेतनात जुन्या अभ्यासक्रमाचे, मायक्रोप्रोसेसर विषयात नापास झालेले दोनच विद्यार्थी उरले होते, म्हणून त्यांची जोडी लागली. नाहीतर अमडापूरची दीपमाला आणि डोणगावात दुकान टाकून धान्य तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणारा हरिओम एका टेबलाशी कशाला बसले असते?

"तुमी बी मायक्रोप्रोसेसरमंदीच राह्यल्या का?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं.

"नाही, हवा खायले आली."

तो इतका मोकळा हसला, की तिला उगाच टेबलावरच्या प्रयोगाच्या किटच्या बटणांकडे बघावं लागलं.

प्रयोग सोपा दिसायचा. दोन किट तारेने जोडायचे. एकाने अक्षर पाठवायचं, दुसऱ्याच्या किटवर त्याचा आकडा उमटला पाहिजे. मग उलट. आधी चिपच्या रजिस्टरमध्ये मोड भरायचा, म्हणजे दोघांचा वेग जुळतो. मग कमांडचा आकडा… काय चालू, काय बंद.

चार दिवस सराव झाला. चारही दिवस हरिओमच पाठवायचा आणि हरिओमच बोलायचा. काट्यांचे किस्से, व्यापाऱ्यांच्या नकला. दीपमालाची पाठवायची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. ती हसायची खरी, पण घरी जाताना जीव नुसता तगमगायचा. पुण्याच्या कंपनीचं पत्र पर्समध्ये होतं. सोळा तारखेला हजर व्हायचं, पण हा विषय सुटला तरच. एकदा तरी विचार ना रे… काहीतरी विचार!

परीक्षेच्या दुपारी प्रयोगशाळेतला कुलर गरम वारा फेकत होता. हरिओमने 'ए' हे अक्षर पाठवलं. तिच्या किटवर त्याचं लाल एक्केचाळीस उमटलं. बाहेरून आलेल्या सरांनी मान हलवली.

"आता उलट."

तिने बटण दाबलं. त्याच्या किटवर… काहीच नाही.

"तुया किटनं पाठोलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"पाठोलं."

"मंग तार ढिली असंन." तो तार ओढू लागला, सॉकेट दाबू लागला. सरांनी घड्याळ पाहिलं.

"दहा मिनिटं राहिली," सर म्हणाले.

"हरिओम, थांब!" तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "तुयी कमांड दाखव."

त्याने दाखवली. तीन-तीन.

"पाह्य. पाठवायचं चालू केलं, घ्यायचं बंदच ठेवलं. तीन-सात पायजे." तिने किट त्याच्याकडे सरकवला. "चार दिवसांत मी बी काही पाठवीन, असं तुले वाटलंच नाही?"

हरिओमचे कान लाल झाले. मोडला हात न लावता त्याने नुसती कमांड बदलली. तिने पुन्हा बटण दाबलं, आणि त्याच्या किटवर तिच्या 'बी'चं बेचाळीस लखकन उमटलं.

"दोघंही पास," सर म्हणाले.

एस.टी. स्टँडपर्यंत तो तिच्या मागोमाग चालत आला. तिची चिखलीची गाडी लागलेली होती.

"दीपमाला…" तो थांबला. "काय सांगायचं होतं तुले? चार दिवस?"

"मले पुण्याले नोकरी लागली. सोळा तारखेले हजर व्हायचं. तू नको जाऊ म्हनलं तरी मी जानार हाय."

"नाही म्हनत."

"आन्…" तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आन् तू बी पायजे मले. काटे काय, पुण्यात बी बिघडत असतीन."

कंडक्टरने घंटी मारली.

"दुकान हलवाले दोन वर्सं लागतीन मले," तो कसाबसा म्हणाला.

"दीड," दीपमाला म्हणाली, आणि खिडकीची जागा धरायला पळाली.