खालचं माप

हे खरं घडलेलं आहे. ज्याच्या घरी घडलं तो आमच्या जवळच्या नात्यातला, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा नाव विचारायच्या आधी तिच्या चष्म्याचा नंबर सांगून मोकळा झालेला माणूस आहे तो. चष्म्यांचं दुकान चालवतो.

दिवस गुरुवार. वेळ दुपारी चार. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून लख्ख ऊन. अंधार, वारा, कुत्र्याचं रडणं, असलं काही नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको याच घरात, बाथरूममध्ये घसरून पडली आणि गेली.

तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं होतं. दुकान उघडायचा, भिंगं घासायचा, जेवायचा. सांत्वनाला येणाऱ्यांना उलट तोच चहा करून द्यायचा. लोक म्हणाले, मनाचा खंबीर आहे. खंबीर कसला... दाढ काढल्यावर गाल होतो तसा आतून बधिर झाला होता.

मुलगी नऊ वर्षांची. सगळे तिला बारकी म्हणतात. ती बाथरूमच्या दारापाशीही जाईना, म्हणून त्याच्या मोठ्या बहिणीने तिला आपल्या गावी नेलं. बहीण स्पष्ट बोलणारी. शाळा सुरू व्हायच्या आत बाथरूम बदललंस तर पोर परत पाठवते, नाहीतर तिचं नाव इथल्या शाळेत घालते, असं तिने फोनवर ठणकावलं. म्हणजे पोर कायमची तिकडेच.

त्याने बाथरूम उकरून काढलं. फरशा नव्या, नळ नवे. राहिली ती शॉवरपुढची काच.

काचेच्या दुकानातल्या बाईने तीन तुकडे पुढे ठेवले. आरपार, दुधी आणि उभ्या रेघांची. दिवसभर गिऱ्हाइकांना 'हे बरं दिसतं की ते?' असं विचारणारा माणूस त्या तीन तुकड्यांकडे तासभर बघत बसला. कुठलाच बरा वाटेना, कुठलाच वाईट वाटेना. बाईने दोनदा पाणी हवंय का म्हणून विचारलं. शेवटी त्याने बारकीला फोन लावला.

"आरपार," ती म्हणाली. "आत कोणी पडलं तर बाहेरून दिसेल अशी."

तो बरं म्हणाला.

गुरुवारी चार वाजता काचवाला माप घ्यायला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानावर पेन्सिल. दोन भिंतींमधली रुंदी तो तीन ठिकाणी मोजायचा. वर, मध्ये, खाली. भिंती कधीच सारख्या नसतात, त्यामुळे तिन्हींत जे कमी भरेल तेच धरायचं, हा त्याच्या धंद्याचा नियम. भट्टीतून निघालेली काच नंतर केसभरही कापता येत नाही. ती यायला आठवडा लागणार होता, आणि शाळा दहा दिवसांवर आली होती. माप चुकवून चालणार नव्हतं.

वर... छत्तीस इंच.

मध्ये... छत्तीस.

खाली...

काचवाला टेपवर वाकला.

"तीस," तो म्हणाला.

त्याने टेप गुंडाळली, पुन्हा लावली. तीस. ओळंबा सोडून पाहिला. भिंत सुतासारखी सरळ. पिशवीतून दुसरी टेप काढली. तीस. टेप पुढे सरकायची आणि भिंतीच्या सहा इंच अलीकडे थांबायची. जोर लावला की वाकायची.

तिथे काहीच नव्हतं. नवी कोरी फरशी आणि तिच्यावर ऊन.

काचवाल्याने टेपचं टोक बोटांनी चाचपलं.

ओलं होतं... आणि कोमट.

बाथरूमचं पाणी महिनाभर बंद होतं.

"साहेब," काचवाला हळूच म्हणाला, "पंचवीस वर्षं मापं घेतोय मी. टेप भिंतीला लागली की आवाज येतो. इथे येत नाहीये."

मग बारकीचा बाप स्वतः गुडघ्यांवर बसला आणि टेप हातात घेतली. टोक अडलं... कशाला तरी मऊ. शेजारी झोपलेल्या माणसाच्या पाठीला हात लागावा तसं.

ती याच भिंतीला चिकटून, कुशीवर सापडली होती.

त्याला ती दुपार आठवली. पाणी चालू होतं. तो बाहेर बसून एका चष्म्याची दांडी जोडत होता. पाणी तासभर चालू होतं. केस धूत असेल, असं त्याला वाटलं. एकदा उठून हाक मारली असती तर... सगळ्यांना त्याने दहाच मिनिटं सांगितली होती.

काचवाल्याने वहीत छत्तीस लिहिलं. म्हणाला, टेपमध्येच काहीतरी गडबड असेल, छत्तीसचीच करू, नाहीतर वरपासून खालपर्यंत सहा इंच फट राहील आणि पाणी बाहेर येईल. शहाण्यासारखंच बोलत होता. टेप मात्र त्याने पुन्हा खाली लावली नाही.

"कमी असेल तेच धरायचं ना?" बारकीच्या बापाने विचारलं.

"नियम तोच आहे."

"मग तीसची करा."

पूर्ण मापाची काच बसवली तर बायको कुठे जाणार, असं त्याच्या मनात आलं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं. भीती नाही. लाज.

काच आली, बसली. शाळेच्या आदल्या दिवशी बहीण बारकीला घेऊन आली. फट बघून तिने कपाळाला हात लावला. बारकीने फटीकडे एकदा बघितलं. टॉवेल घेतला आणि सरळ आत गेली.

तेव्हापासून ती आंघोळीला गेली की तो दार लोटून बाहेर स्टुलावर बसतो, पाठ करून. दर दोन मिनिटांनी विचारतो, "आहेस ना?"

"आहे."

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं. मग वीस. मग अर्धा तास. आतून हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं... गाणं म्हणत असेल, असं त्याने ठरवून टाकलं. बहिणीने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, रमली आहे.

गेल्या मंगळवारी त्याने विचारलं, "आहेस ना?"

पाणी थांबलं.

"आहे," बारकी म्हणाली.



मग रोजच्याच आवाजात, "बाबा, आई विचारतेय, त्या दिवशी तासभर तू तिला असं का नाही विचारलंस?"

त्या तासाचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्हालाही ते परवा, हे सगळं ऐकतानाच कळलं.

आम्ही म्हटलं, काच काढून टाक, पोरीला थोडे दिवस आमच्याकडे पाठव. त्याने मानेनेच नाही म्हटलं. मग तिला उत्तर काय दिलंस, असं आमच्यातल्या कोणीतरी विचारलं.

अजून दिलं नाही, म्हणाला.

आणि घड्याळ बघून उठला. बारकीची आंघोळीची वेळ झाली होती.