चादरीखाली नीलकंठ

तो बाहेरचा लाइट राहू दे बंद, डोळ्यावर येतो. शकु, दार ओढून घे बेटा, थंडी आत येऊन राहिली. चलो, सांगतो. पण मधात हसायचं नाही. ज्याच्यासोबत हे झालं तो इथं जबलपूरले, रांझीत, माह्या शेजारी राहत होता. त्याची आन् माही भिंत एकच.

नीलकंठ त्याचं नाव. सरकारच्या फिल्म ऑफिसात होता. बाहेरचे सिनेमावाले जबलपूरले येतात ना, त्याइले पोलिसाची परवानगी काढून दे, नगर निगमशी बोल, घर शोधून दे, गाड्या दे, इथलेच कलाकार मिळवून दे, असं त्या ऑफिसाचं काम. नीलकंठ त्यात पक्का. आपल्या रांझीतल्या किती तरी बायांना त्यानं कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

त्या साली श्रावणात त्याची बायको गेली. विभावरी. साधा ताप आला आन् गेली. हा रडला नाही. सगळे म्हणत, रडेल, रडेल. नाही रडला. ताट समोर ठेवलं तर जेवे, नाही ठेवलं तर बसून राहे. मनीषा, त्याची पोरगी, शाळेतून येऊन आमच्याच घरी अभ्यास करे. मी एकदा विचारलं, "नीलकंठ, कसं काय?"

"काही वाटतच नाही काका," तो म्हणे. "दुखत पण नाही."

तर ती रात्र होती सतरा डिसेंबर, दोन हजार एकोणीसची. मंगळवार. कांचघर मोहल्ल्याकडे एक बंद घर त्यानं शूटिंगसाठी मिळवून दिलं होतं. मागच्या खोलीची किल्ली राहिली होती, तीच द्यायला तो निघाला. मनीषाला म्हणाला, "देऊन येतो."

तिथं गेला तर सगळे डोक्याला हात लावून बसलेले. सीन होता घरातल्या म्हाताऱ्याच्या मयताचा. रडायला रांझीच्या बाया नीलकंठनंच पाठवलेल्या, त्या आल्या. पण जो माणूस मुडदा म्हणून झोपणार होता, तोच आला नाही. डायरेक्टर नीलकंठले म्हणाला, "भैया, चेहरा तो ढका ही रहेगा. आप ही लेट जाइए."

दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. याले काय? चपला काढल्या आन् खाली सतरंजीवर लेटला. पांढरी चादर डोक्यावरून ओढली. फक्त पाय उघडे.

सीन झाला. बाया छान रडल्या. मग कोणी तरी ओरडलं, "चलो, खाना!" जनरेटर बंद झाला. अंधार. पावलं बाहेर गेली. सगळ्याइले वाटलं, नीलकंठ उठला असेल.

तो उठला नाही. नंतर मले म्हणाला, "काका, इतके महिने झाले, पहिल्यांदा बरं वाटून राहिलं होतं. उठावंसंच वाटे ना."

खोलीत बाया अजून बसल्या होत्या. एक नाक ओढत होती. एकीच्या बांगड्या वाजल्या. त्याले वाटलं, बसल्या असतील, थकल्या असतील.

मग बाहेर, अंगणात, रांझीच्या बाया हसल्या. ताटांचा आवाज आला. त्या बाहेर जेवत होत्या.

सगळ्याच.

मग आत...

पायाले हात लागला. थंड नाही, गरम नाही. नुसता हात. कोणी तरी त्याचे पाय जवळ घेतले. सरळ केले. आपण मयताचे करतो तसे.

त्याले भीती वाटली नाही. हेच तो मले दोनदा म्हणाला. भीतीच वाटली नाही.

मग एक बाई बोलली. मराठीत. आन् रांझीहून आलेल्या त्या सगळ्या हिंदी बोलणाऱ्या होत्या.

"यायचं कोणी राह्यलं का?"

तीच बाई पुढं म्हणाली,

"कोणी नाही ना? मग उचला..."

डोक्याशी कोणी तरी वाकलं. खांद्याखाली हात गेले. त्याले वाटलं, नेतील तर नेऊ दे.

...

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आवाज बंद होता. मांडीवर नुसती थरथर. थांबला. परत सुरू झाला.

हात थांबले.

"पोरगी आहे त्याची," दुसरी बाई म्हणाली. हळू. "जेवायची थांबली आहे."



मग खांद्याखालचे हात निघाले.

नीलकंठनं फोन काढायला हात उचलला, तर हात दगडासारखा. कसाबसा कानाले लावला. मनीषा म्हणाली, "बाबा, कधी येताय? मी जेवली नाही."

तो म्हणाला, "येतो." चादर फेकली, उठला, आन् तोंडावर आपटला.

रात्री माहं दार वाजलं. तो अनवाणी उभा होता. मनीषा आमच्याकडेच होती, धावत आली. तिले पाहिलं आन् तो उंबऱ्यातच बसला. रडला. असा रडला की गल्ली जागी झाली. मग दोघं बापलेक आमच्याच स्वयंपाकघरात जेवले. जेवताना, पाय मांडीखाली दाबून, त्यानं हे सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट सोडून.

दुसऱ्या दिवशी तो मले घेऊन शूटिंगवर गेला. "काल माह्या पायाले कोणी काय केलं?" त्यानं सगळ्याइले विचारलं. कोणीच हात लावला नव्हता. डायरेक्टरनं कालचा सीन पडद्यावर चालवून दाखवला. पाय समोरच होते. मोकळे.

मग नीलकंठनं बूट-मोजे काढून मले पाय दाखवले. अंधारात तो का पडला, ते मले तेव्हा समजलं.

मयताचे अंगठे बांधतात ना, तसे दोन्ही पायांच्या अंगठ्याइले एकाच लुगड्याच्या काठाचे तुकडे होते. हिरवे, जुने, हातानं फाडलेले. मधातून त्यानंच ते तोडले होते. पण गाठी... गाठी त्याच्यानं सुटल्या नव्हत्या. माह्यानंही सुटल्या नाहीत.