सतरावी विहीर

१९९९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. धुळ्यातल्या एका छोट्या कार्यालयात हिलाल इंटरनेटसाठी विहिरींचा नकाशा तयार करत होता. जुना कागदी नकाशा संगणकात घेऊन त्यानं एका गावच्या सोळा विहिरींभोवती सोळा वर्तुळं आखली होती. माऊसचा बाण वर्तुळावर नेला की त्याचा इवलासा हात व्हायचा. क्लिक केलं की त्या विहिरीची खोली, पाणी, सगळी माहिती उघडायची.

त्या दुपारी मोकळ्या जागेवरून जाताना बाणाचा हात झाला.

हिलालनं क्लिक केलं. कोरं पान उघडलं. वर्तुळांसाठी आपण लिहिलेल्या ओळी त्यानं तीनदा मोजल्या. सोळाच. संगणक बंद करून पुन्हा लावला. हात तिथंच उमटला.

चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी छापील नकाशा घेऊन तो गावात पोचला. ती जागा शाळेच्या अंगणात निघाली. निंबा गवंडी नव्या वर्गखोलीसाठी पांढऱ्या फक्कीनं पाया आखत होता.

"इथं कधी विहीर होती का हो?"

निंबा हसला. पण कुंपणाशी बसलेली म्हातारी सुंदरबाई उठून उभी राहिली. "तुले कोनी सांगं, भाऊ?"

हिलालनं कागदावर बोट ठेवलं. म्हातारीनं त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं.

"मन्ही धाकली बहीन… मंजुळा. पानी भराले गई, परत उनी नही. लोकेसनी वर फरश्या टाक्यात, माती लोटी. मंग बठ्ठा गाव गप…"

निंबानं पहार मारली. तिसऱ्या घावाला ती हातातून निसटून खाली गेली. पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

फरशी सरकवली तसा थंड, शेवाळी वास वर आला.

"साहेब, चाळीस पोरं बसली असती इथं," निंबा पुटपुटला. खोली पलीकडं बांधायचं तिथंच ठरलं. आपल्याला यासाठीच बोलावलं असावं, असं वाटून हिलालला जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात सुंदरबाई काठाशी टेकली आणि अंधारात वाकून तिनं हाक मारली, "मंजुळाऽऽ…"

प्रतिध्वनी आला नाही. मग खूप खालून, हातातलं काम न सोडता एखाद्या पोरीनं द्यावी तशी, ओ आली.