जिन्यातली काच

"फुटली! परत फुटली!" ढब्बू जिन्यावरून असा धडधडत खाली आला, की काच आधी फुटली नसती तरी आता नक्की फुटली असती!

"हळू बोल की!" बारकीनं त्याला दुकानात ओढलं. "कुठली?"

"वळणावरची! इंजिनियरकाकांनी नवीन लावलेली!"

त्याच्या मागोमाग त्याचा मोठा भाऊ आला. त्याला सगळे शंकासूर म्हणायचे, कारण 'आज रविवार आहे' म्हटलं तरी तो 'कशावरून?' असं विचारायचा. आत्ताही त्यानं विचारलंच, "फुटली, की फोडली?"

हे दोघे भाऊ सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. तळमजल्यावर बारकीच्या बाबांचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत बारकीचं बिऱ्हाड. मधल्या मजल्यावर घरमालक. गल्ली शहरातली सगळ्यात जुनी, आणि आता सगळ्यात महाग. प्रत्येक दाराशेजारी निळी पाटी, त्या घरात पूर्वी कोण थोर माणूस राहून गेला ते सांगणारी. हल्लीचे श्रीमंत लोक पाटी बघून घर विकत घ्यायचे आणि वर्षातून आठवडाभर राहायला यायचे! किराणावाला गेला, तिथे अत्तराचं दुकान आलं. चांभार गेला, तिथे कॉफी मिळायला लागली. गल्लीत राहणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारेच जास्त झाले होते.

सुट्टी लागली आणि जिन्यातल्या भिंतीला भेग दिसली. नगरपालिकेचे इंजिनियर आले आणि त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवली. "भेग रुंदावली तर ही काच तडकेल," ते म्हणाले. "तडकली तर घर धोकादायक. मग पाटी असो नाहीतर नसो, पाडावंच लागेल!"

'पाडावंच लागेल' हे ऐकलं आणि बारकी तडक बाबांकडे धावली. तिचा जन्म इथला. "बाबा, घर पाडलं तर आपण कुठे जायचं?"

"मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नकोस," बाबा म्हणाले. आईनं तर 'अभ्यास कर' म्हणून सांगितलं. ऐन सुट्टीत!

मग पहिली काच फुटली. एखाद वेळी कुणाचा धक्काही लागला असेल, म्हणून इंजिनियरांनी दुसरी लावली. आणि आज तीही फुटली होती.

तिघं जिन्याच्या वळणावर गेली. बारकीनं फुटलेल्या कडेवर अलगद बोट फिरवलं. फ्रेमवाल्याची मुलगी ती, काचेतलं तिला बरोबर कळायचं.

"तडकलेली काच वेडीवाकडी तडकते," ती म्हणाली. "ही बघा, पट्टीनं आखल्यासारखी सरळ! काच कापायच्या हिऱ्यानं आधी रेघ ओढलीय आणि मग ठोकलंय."

"हिरा तर तुमच्याच दुकानात आहे," शंकासूर म्हणाला.

"कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो!" बारकी फणकारली.

"मला माहितीये कोण ते!" ढब्बू कुजबुजला. "तो टोकदार बुटांचा दलाल! सारखा मालकांच्या मागे मागे असतो. घर पडलं की इथे टॉवर उभा करणार!"

संशय घ्यायला त्या दलालाइतका सोयीचा माणूस गल्लीत दुसरा नव्हता. तिघांनी लगेच बेत आखला. इंजिनियर तिसरी काच लावायला आले, तेव्हा त्यांनी बजावलं, "ही फुटली तर मी सरळ 'धोकादायक' असा शेरा मारणार!" ते गेले आणि तिघं कामाला लागली. भेग खाली पायरीपर्यंत आली होती. तिथे, कुणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात, बारकीनं भेगेवर पतंगाच्या कागदाची पट्टी ताणून चिकटवली. भेग केसभर जरी सरकली तरी कागद फाटणार! आणि ढब्बूनं काचेच्या वरच्या कडेला काळं बूटपॉलिश फासलं. जो काचेला हात लावेल, त्याचा हात काळा!

इंजिनियर पुन्हा आले, तेव्हा काच फुटलेलीच होती. मालक कपाळ धरून पायरीवर बसले. दलाल तर रडायच्या बेतात आला होता. बारकीला ते जरा विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ कुठे होता? इंजिनियरांनी पेन काढलं.

"थांबा!" बारकी ओरडली. "आधी हा कागद बघा!"

इंजिनियर खाली वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. "कागद अख्खा आणि काच फुटलेली? हे कसं शक्य आहे?"

"भेग हललीच नाहीये, काका! काच कापलीय. कड बघा ना!"

इंजिनियरांनी कड बघितली आणि ते मोठ्यानं हसले. "कमाल केलीस! अगं, हे आम्हाला दिसायला हवं होतं! घर ठणठणीत आहे. मी तसंच लिहितो."

"आणि चोरही पकडलाय!" ढब्बू नाचायलाच लागला. "सगळ्यांनी हात दाखवा! ज्याचे हात काळे, तोच चोर!"

दलालानं हात पुढे केले. गुलाबी, स्वच्छ हात! मालकांनी हसत हसत दाखवले. तेही स्वच्छ. जिन्याच्या तळाशी, दुकानाच्या दारात बाबा उभे होते, फडक्याला हात पुसत. ते खूप वेळ पुसत होते. फडक्याआडून त्यांचा अंगठा दिसला.

काळा.

बारकीला काहीच कळेना. तिला एवढंच कळलं, की आता बोलायला हवं. "ढब्बू, राहू दे," ती म्हणाली. "पॉलिश लावायचं राहूनच गेलं होतं."

"कश..." शंकासूरनं तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा प्रश्न अर्धाच सोडला.

"शाब्बास पोरी!" मालकांनी बारकीची पाठ थोपटली. "घर वाचवलंस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या.

नंतर दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा बाबा तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"घर धोकादायक ठरलं असतं ना," ते म्हणाले, "तर मालकांना ते पाडून नवीन बांधावं लागलं असतं. आणि नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंना जागा द्यावी लागते, तसा नियम आहे. आपल्याला मिळाली असती, ढब्बूच्या घरच्यांनाही. आता घर मजबूत आहे म्हटल्यावर मालक ते अख्खंच्या अख्खं विकणार. घेणाऱ्याला पाटी हवीय, आपण नकोय. आपला करार संपतच आलाय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"लहान आहेस म्हणून."

"मी विचारलं होतं, बाबा!"

"हो," बाबा म्हणाले. "विचारलं होतंस. मी केलं ते चूकच होतं. पण दुसरं काही सुचलं नाही गं."

बारकीला त्यांचा भयंकर राग आला. आपलं सगळं बरोबर होतं, कागद बरोबर, काच बरोबर, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता, याचा त्याहून जास्त राग आला. ती रडली, बाबांनी जवळ घेतलं तरी रडतच राहिली.

सुट्टी संपायच्या आत घर घेणारे लोक बघायला आले. मोठी गाडी, हळू आवाजात बोलणारं जोडपं. बाईंनी आधी निळ्या पाटीबरोबर फोटो काढला. दलालानं जिना दाखवला, लाकडी कठड्यावरची वेलबुट्टी दाखवली. दुकानात खोकी भरून ठेवलेली होती, तिकडे कुणी पाहिलं नाही.

"आणि हीच ती मुलगी!" मालकांनी बारकीला पुढे ढकललं. "हिनंच हे घर वाचवलं!"

"अगंबाई, हीच का ती? शाब्बास!" बाईंनी तिच्या गालाला हात लावला. "केवढी हुशार आहेस तू! राहतेस कुठे गं?"

"इथेच," बारकी म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत."