शब्दांच्या पोटात गुरुजी

"एकोणचाळीस हजार चुका!" ताई किंचाळली.

"पुस्तकात शब्द किती आहेत?" प्रोफेसरने शांतपणे विचारलं.

"चाळीस हजार!"

"म्हणजे हजार बरोबर आले की! आमच्या वर्गाच्या मानाने उत्तम निकाल."

प्रोफेसर हा ताईचा बारा वर्षांचा भाऊ. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तो ताबडतोब देत असे आणि ते बहुधा चूक असे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. त्यांची धाकटी बहीण पिटुकली. ती साडेनऊ वर्षांची होती आणि मोठ्यांचं बोलणं ऐकू नये तेव्हा नेमकी हजर असे.

तिघं सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होती आणि ही तिघं रोज तिच्याबरोबर तिथे जात. छापण्याआधी पुस्तक वाचायचं आणि त्यातल्या चुका लाल पेनने पकडायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. आज सकाळी मालकांनी तिला बोलावलं होतं. शाळेच्या स्मरणिकेची नमुना प्रत मुख्याध्यापकांनी परत पाठवली होती. पहिल्या दहा पानांत सात चुका! चार वाजता यंत्र सुरू व्हायचं होतं. तोवर पुस्तक निर्दोष झालं नाही, तर उद्यापासून आत्याचं काम बंद!

त्या सात चुका कोणत्या, हे मालकांनी पाहिलं नव्हतं. प्रत त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. पुस्तकं छापणाऱ्या माणसाला ती उघडायला वेळ कुठून असणार!

आत्या बिचारी सोमवारी सही करून दिलेला कागदांचा गठ्ठा पुन्हा वाचत बसली होती. साठ पानं झाली तरी तिला एकही चूक सापडली नव्हती, आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली होती.

"सात आहेत म्हणतात आणि मला एकही दिसत नाही! डोळे गेले की काय गं माझे?" ती चष्मा पुसत म्हणाली. चष्मा स्वच्छच होता.

"आत्या, तू कागद वाच. आम्ही संगणकाला वाचायला लावतो," ताई म्हणाली.

ताई शिबिरात चार दिवस प्रोग्रामिंग शिकली होती. जगात काहीही करून दाखवायला चार दिवस पुरतात, असं चौथ्या दिवशी वाटतंच. तिची युक्ती सोपी होती. छापायला जाणारी फाइल घ्यायची, तिचे शब्द सुटे करायचे आणि प्रत्येक शब्द बरोबर शब्दांच्या यादीत शोधायचा. सापडला नाही, तर तो चोर! यादी पिटुकलीने शाळेच्या शुद्धलेखनाच्या वहीतून टाइप केली होती.

"पण 'शाळा' यादीत आहे आणि हा 'शाळेत'ला चूक म्हणतोय!" पिटुकली फुरंगटली.

"मराठी शब्द सुटे हिंडतच नाहीत ना! शाळेत, शाळेला, शाळेतल्यांना... प्रत्येकाला शेपूट!" ताई कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि हे बघ, 'आहे' बरोबर, पण पूर्णविराम चिकटलेला 'आहे' चूक!"

पूर्णविराम आणि स्वल्पविराम तिने दोन ओळींत झटकून टाकले. शेपटांचं काय करायचं?

"शेपटासकट शब्द कुठेतरी लिहिलेले असतील ना? बरोबर लिहिलेले?" प्रोफेसर म्हणाला.

सगळे थबकले. प्रोफेसरचं उत्तर बरोबर आलं होतं!

आत्याच्या संगणकात 'तपासलेली' नावाची एक फाइलपेटी होती. आत नव्वद पुस्तकं. आत्याने अक्षर न् अक्षर पाहिलेली. ताईने त्या सगळ्यांतले शब्द काढून यादी केली आणि स्मरणिका पुन्हा तपासायला लावली.

एकोणचाळीस हजारांच्या झाल्या एकशे चार!

"निम्मी माणसांची नावं आहेत, ती सोड," ताई पडद्यावर बोट फिरवत म्हणाली. "आणि ही बघ... परिगुरुजी? गुरुजीकार? घगुरुजीगुंडी?"

"विगुरुजीलो!" पिटुकली हसता हसता खुर्चीवरून पडली. 'दुसरा'चं तर 'दुगुरुजी' होऊन मागे एक काना निराधार लोंबकळत होता.

"परिसर, सरकार, घसरगुंडी, विसरलो," ताई पुटपुटली. "सगळ्यांच्या पोटात 'सर' होता. कुणीतरी 'सर' काढून 'गुरुजी' भरलाय!"

"मला माहितीये कोण!" पिटुकली जमिनीवरूनच ओरडली. "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत इथले व्यवस्थापककाका फोनवर म्हणत होते, 'सर नको, गुरुजी हवं ना? एका कळीत करतो!' मी टेबलाखाली होते."

"टेबलाखाली कशाला?"

"ते नंतर."

आत्याची सही सोमवारची, कळ मंगळवारची! पण मोठ्या माणसाला 'तुम्ही चुकलात' म्हटलं, की तो आधी आवाज चढवतो. प्रोफेसरने वेगळा रस्ता धरला. तीन वाजता मालक फेरीला आले, तसा तो व्यवस्थापकांपुढे जाऊन लडिवाळपणे म्हणाला, "काका, एका कळीत सगळे शब्द बदलायची जादू आम्हाला शिकवा ना!"

"हात्तिच्या!" व्यवस्थापक फुलले. "मंगळवारीच अख्ख्या स्मरणिकेत केलं. सात सेकंदांत! लिही एखादं वाक्य."

प्रोफेसरने लिहिलं, 'आमचे मालक सदैव अग्रेसर असतात.' व्यवस्थापकांनी ऐटीत कळ दाबली.

मालकांनी वाकून वाचलं. "अग्रेगुरुजी? हे मी?"

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "बाई, चूक माझी," ते हळूच म्हणाले. "पुन्हा वाचून बघायला हवं होतं." मालकांनी कपाट उघडून नमुना प्रत काढली. सातही चुकांच्या पोटात गुरुजी होते!

ताईने पकडलेले शब्द एकेक करून सुधारले. चारला दहा मिनिटं असताना ती म्हणाली, "आत्या, आता एकही चूक नाही!"

"थांब. शेवटचं पान मी बघते," आत्या म्हणाली. तिने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "'आमच्या शाळेची गुरुजी दुसऱ्या कुठल्याही शाळेला येणार नाही.' अगं, हे काय!"

"'गुरुजी' यादीत आहे ना... म्हणून त्याने सोडला," ताई ओशाळून म्हणाली.

"शब्द शहाणा, वाक्य वेडं! इथे 'सर' हवा. शाळेची सर." आत्याने लाल पेन टेकवलं.

चार वाजता यंत्र धडधडू लागलं.

"बाई," मालक कान खाजवत म्हणाले, "न बघता बोललो. तुमची सर कुठल्याही संगणकाला यायची नाही. आणि पोरांनो, तुमची यादी इथेच ठेवून जा. आजपासून आधी ती तपासेल, मग बाई."

"यादी आत्याचीच आहे, काका," ताई म्हणाली. "नव्वद पुस्तकं तिनेच वाचलीयेत. आम्ही फक्त उचलली."

आत्या पुन्हा चष्मा पुसू लागली. या वेळी तो खरंच ओला होता.

"आणि माझं कौतुक?" प्रोफेसर म्हणाला. "नव्वद पुस्तकांची कल्पना कुणाची?"

"तुझी, प्रोफेगुरुजी!" पिटुकली म्हणाली.

"ए, असा शब्दच नाहीये!"

ताईने टकटक दोन-चार कळा दाबल्या. "आता आहे," ती म्हणाली. "यादीत घातलाय."