पिंजरा कोणाला?

"कड्यावरची चाळीसच्या चाळीस माकडं उद्या पिंजऱ्यात!" ग्रामसभेत सरपंच दादासाहेबांनी जाहीर केलं आणि अकरा वर्षांची शाल्मली रागाने लाल होऊन घरी आली.

साल होतं २०६१. तिचे आजोबा, अप्पा, विषाणूतज्ज्ञ होते. विषाणू (सजीव पेशीत शिरून वाढणारा अतिसूक्ष्म रोगकारक) हाच त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास.

"अप्पा, तिघं तापाने पडले म्हणून सगळ्या माकडांना शिक्षा? मग वनरक्षक सखुबाई का आजारी नाहीत? त्या तर वीस वर्षं तिथंच राहतात!"

"प्रश्न बरोबर आहे. चल, शोधू."

त्यांच्या यंत्रमानवाने, पिंगळ्याने, गुळात भिजवलेल्या सुती दोऱ्या झाडांना लटकवल्या. लालतोंडी माकडांनी त्या मनसोक्त चघळून टाकून दिल्या. पिंगळ्याने त्यांवरची लाळ तपासली.

"सात माकडांच्या लाळेत या तापाचाच विषाणू आहे," तो म्हणाला.

"पण ती तर धडधाकट आहेत!"

"त्यांचा नि विषाणूचा सहवास फार जुना," अप्पा म्हणाले. "आपल्या शरीराला मात्र तो नवखा. त्याला पाय नाहीत, पंखही नाहीत. चावा, ओरखडा, डोळ्यात किंवा तोंडात गेलेली लाळ, या वाटांनीच तो आपल्यात शिरतो."

शाल्मलीने आजाऱ्यांच्या घरी चौकशी केली. एकाने ओठात शेंगदाणा धरून माकडाला भरवला होता. दुसऱ्याने खांद्यावर माकड घेऊन फोटो काढला होता, तेव्हा मानेवर ओरखडा उठला होता. तिसऱ्या, रत्नप्रभाकाकूंना, केळं देताना चावा बसला होता. त्या अजून रुग्णालयातच होत्या. तिन्ही प्रकार दादासाहेबांनीच बांधलेल्या 'मर्कटभेट' चौथऱ्यावर घडले होते.

शाल्मली थेट चावडीवर गेली. "माकडं आपल्या दारात आली नव्हती, दादासाहेब. चौथरा बांधून तुम्हीच त्यांना अंगाखांद्यावर घ्यायला लावलंत. आणि पिंजरा त्यांना?"

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"खरं तेच बोलतेय पोर," सखुबाई पुढे आल्या. "मी वीस पावलं लांब राहते. हातातून कधी काही देत नाही. म्हणून धड आहे."

दादासाहेबांनी मान खाली घातली. पिंजरे आले तसे परत गेले. चौथरा पाडला.

महिन्याभराने रत्नप्रभाकाकू घरी परतल्या. अप्पांनी त्यांना सांगितलं, "चावल्याबरोबर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक डॉक्टरकडे जायचं."

काकू संतापल्या. "एवढंसं होतं, तर मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून काकू स्वतःच कड्यावर उभ्या राहू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या दुर्बीण देत, आणि हातातलं केळं आधी पिशवीत ठेवायला लावत.